सासूबाईंना वरच्या गावात जायचं होतं

नाही, पण मला एक सांगा, क्युबेकला माणूस कशाला जातो? मजा करायला ना? जुना तट बघायचा, कड्यावरच्या त्या हिरव्या छपराच्या हॉटेलासमोर उभं राहून फोटो काढायचा, कमरेला लाल पट्टा बांधून कार्निव्हलमध्ये हिंडायचं, गरम वाइन प्यायची आणि घरी येऊन आठवडाभर ‘पाय दुखतात हो’ म्हणत फिरायचं. माझेही पाय दुखतायत. पण मी फोटो काढला नाही, पट्टा बांधला नाही, आणि वाइनचा तर नुसता वास आला, तोसुद्धा दुसऱ्याच्या पेल्यातून. मी काय केलं? मी सासूबाईंना कडा चढवला. मग उतरवला. मग... पण थांबा, सगळं नीट सांगतो. तुम्ही मान सरळ ठेवा फक्त, कानामागे वस्तरा आहे.

आमच्या सासूबाईंना तुम्ही ओळखता. एर्नेस्तीन. आपल्या अख्ख्या मातान गावात ओळखत नाही असा कोण आहे? वय चौऱ्याऐंशी, उंची माझ्या खांद्याला लागेल न लागेल एवढी, आणि आवाज असा की बंदरावर बोलल्या तर बोटीवरचे लोक जाळं टाकायचं थांबतात. जन्म त्यांचा क्युबेकचा, वरच्या गावातला, तटाच्या आतला. लग्न करून आमच्याकडे आल्या त्या क्लोविसबरोबर, म्हणजे माझ्या सासऱ्यांबरोबर. आणि हे लग्न जमवलं कोणी? त्यांच्या भावानं, आन्सेल्मनं. तो आणि क्लोविस तरुणपणी एकाच मालवाहू जहाजावर होते, एका ताटात जेवायचे. सुट्टीत मित्राला घरी घेऊन गेला, मित्र बहीण घेऊन परत आला.

बरं, पुढं काय झालं, दहा-बारा वर्षांपूर्वी क्लोविस गेले. फेब्रुवारीत. तुम्हाला आठवत असेल, चर्चच्या पायऱ्या दिसत नव्हत्या इतका बर्फ होता. सगळे आले, रिमूस्कीहून आले, पलीकडच्या किनाऱ्यावरून आले, आन्सेल्म आला नाही. सगळं उरकून घरी आल्यावर त्याचा फोन आला. म्हणाला, रस्ता बंद आहे. सासूबाईंनी ऐकलं आणि फोन ठेवला. आणि तो जो ठेवला तो ठेवलाच. नाताळात त्याचा फोन आला की रिसीव्हर सोलांजच्या हातात, माझ्या बायकोच्या, आणि स्वतः भांडी घासायला उभ्या. भांडी घासून पुसून कपाटात लावलेली असली तरी काढून पुन्हा घासायच्या.

तर त्या दिवशी जेवताना सोलांज सहज म्हणून गेली की आन्सेल्ममामा परवा नव्वद वर्षांचे होणार. सहज हं. बायका सहज काय काय बोलतात आणि त्याची फळं कोण भोगतो? सासूबाईंनी वाटाण्याच्या सूपमधला चमचा बाजूला ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “गेतां, उद्या आपण क्युबेकला जायचं.”

मी म्हटलं, सासूबाई, उद्या वादळ आहे. मे महिन्यात जाऊ, सफरचंदाची झाडं फुललेली असतात, मीही दोन दिवस दुकान बंद ठेवीन. त्यावर त्या म्हणाल्या की मे महिन्यात कोणीही जातं. त्याला फेब्रुवारीत रस्ता बंद दिसला होता ना, मग फेब्रुवारीतच त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, एक वाक्य बोलायचं आणि परत यायचं. आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “एक लक्षात ठेव. रस्ता बंद आहे, हे मला या प्रवासात कोणाच्याही तोंडून ऐकायचं नाही.”

मी रात्रीच गाडीची टाकी भरून ठेवली.

उजाडायच्या आत निघालो. नदीवरून वारा असा येत होता की गाडी आपोआप पलीकडच्या पट्ट्यात जायची आणि मी ओढून परत आणायचो. समोर बर्फ ढकलणाऱ्या ट्रकचा मागचा दिवा, बस, बाकी जग नाही. मी त्या दिव्यामागे लहान मूल आईच्या पदरामागे जावं तसा जात होतो, आणि शेजारी सासूबाई हँडबॅग मांडीवर घेऊन ताठ बसलेल्या आणि ओठांतल्या ओठांत त्यांचं ते एक वाक्य घोकत होत्या. मला ऐकू येत होतं. “रस्ता बंद नव्हता, आन्सेल्म, तू बंद होतास.” मग थोडं बदलून, “आन्सेल्म, रस्ता नव्हता बंद, तू होतास.” मग मला विचारलं, कुठलं चांगलं वाटतं? मी म्हटलं, पहिलं. म्हणाल्या, तुला विचारण्यात अर्थ नाही.

ला पोकातिएर गावाच्या अलीकडे रेडिओवरची बाई सांगायला लागली की वाहनचालकांनी शक्यतो घरीच थांबावं, काही ठिकाणी महामार्ग... सासूबाईंनी हात लांब करून रेडिओ बंद केला. बंद काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी आपला दिव्यामागे.

लेव्हीला, म्हणजे क्युबेकच्या समोरच्या काठाला, पोचलो तेव्हा माझे खांदे कानांना चिकटलेले होते. पुलावर गाड्यांची रांग, कार्निव्हलचा शेवटचा शनिवार, अर्धा प्रांत क्युबेकला निघालेला. म्हणून मी म्हटलं, गाडी इथंच ठेवू, बोटीनं पलीकडे जाऊ, बोट थेट कड्याच्या पायथ्याशी सोडते. ही माझी हुशारी. ही हुशारी मी का केली, असं मी नंतर स्वतःला बरेचदा विचारलं.

बोटीवर सगळे आत, उबेत, काचेला नाक लावून. सासूबाई बाहेर, कठड्याला धरून. म्हणून मीही बाहेर. खाली बर्फाचे तुकडे बोटीच्या पोटाला घासून असा आवाज करत होते की कोणीतरी पत्र्याच्या टाकीत दगड ढवळतंय. समोर कडा, वर त्यांचं गाव. त्या वरच्या घरांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, या नदीवरून क्लोविस तिला न्यायला आला तेव्हा एप्रिल होता आणि त्याला सर्दी झाली होती. “तिला” म्हणाल्या, बरं का, “मला” नाही. जणू दुसऱ्याच कुठल्या मुलीची गोष्ट.

उतरलो. आता कडा चढायला तिथं ती रुळांवरची लिफ्ट आहे, डबा सरळ वर नेते, माणसानं आत उभं राहायचं, बस. मी मनातल्या मनात त्या डब्यात बसलोसुद्धा होतो. दारावर पाटी, वाऱ्यामुळे सेवा स्थगित. बरं, टॅक्सी. टॅक्सीवाला म्हणाला, वर शाळांच्या बँडची मिरवणूक आहे, गाडी नेता येत नाही, सगळे... आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत हात जोडले की बाबा ते पुढचं बोलू नकोस, पण तो म्हणाला, “सगळे रस्ते बंद आहेत, मादाम.”

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. त्यानं काच वर केली.

मग काय, पायी. बुटांना खाली खिळ्यांचे पट्टे बांधले, मी त्यांचे बांधले आणि मग माझे, वाकून वाकून माझी कंबर तिथंच गेली. आणि तो डोंगराचा चढ. तुम्ही गेलायत ना, तुम्हाला माहितीये, उन्हाळ्यात आइस्क्रीम खात चढताना तो चढ वाटतो, फेब्रुवारीत ती भिंत वाटते. वरून खाली येणारे पर्यटक पार्श्वभागावर बसून घसरत येत होते, खिदळत, आणि आम्ही दोघे कठड्याला धरून वर. सासूबाई चार पावलं टाकायच्या, थांबायच्या, श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, रस्ता बंद आहे म्हणे. पुन्हा चार पावलं. रस्ता बंद आहे म्हणे. एकदा मला खरंच भीती वाटली हो. त्यांचे ओठ निळसर दिसायला लागले होते. मी म्हटलं, सासूबाई, पुरे, खाली बसून काहीतरी गरम घेऊ, मी मामांना फोन करून बोलावतो. त्यांनी माझी बाही धरली. ओढली नाही, नुसती धरली. आणि अगदी हळू म्हणाल्या, “गेतां, मी त्या दिवशी दारात उभी होते रे. शवपेटी उचलताना. मी दोनदा उचलणाऱ्यांना थांबवलं, म्हटलं माझा भाऊ येतोय.”

तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं मी त्यांचा जावई. हे मला माहीत नव्हतं. मी होतो तिथं, पेटीचा एक कोपरा माझ्या हातात होता, दोनदा खाली ठेवली तेव्हा मला वाटलं, कडी अडकली असेल.

हात त्यांच्या काखेत घातला आणि चढलो.

वर पोचतो तर लोखंडी अडथळा आणि एक पोलीस मुलगी, गाल लाल, नाकावर बर्फ. तिनं हात आडवा केला. मी डोळे मिटले. पण ती गोड होती हो, म्हणाली, आजी, मिरवणूक जाईपर्यंत पलीकडे जाता येणार नाही, रस्ता... सासूबाई मध्येच म्हणाल्या, “मला रस्ता नकोच आहे, बाळ. मी कडेनं जाते.” आणि अडथळ्याच्या कडेनं गेल्यासुद्धा. ती पोरगी धावली, तिनं दंड धरला, पण ओढायला नाही, सांभाळायला, कारण खाली बर्फाची नुसती काच होती. तिला बहुधा वाटलं की हिला परत आणण्यापेक्षा पलीकडे सोडणं सोपं. पण पलीकडे जायला वाट कुठं होती? गर्दीची भिंत. म्हणून आम्ही तिघं मिरवणुकीतच शिरलो. पुढे ढोलवाल्या पोरी, मागे तुताऱ्यावाले पोरगे, मध्ये पोलीस, सासूबाई आणि हँडबॅग धरलेला मी, कारण बॅग आता माझ्याकडे आली होती. लोकांना वाटलं आम्ही कार्यक्रमातलेच. टाळ्या वाजायला लागल्या. एक जण ओरडला, या वर्षीची कार्निव्हलची राणी फार छान निवडलीय. सासूबाईंनी कोणाकडे बघितलं नाही, नाकासमोर चालत राहिल्या, पण चाल बदलली होती, ढोलावर पाऊल पडत होतं. मी... आता तुमच्यापासून काय लपवायचं, मी हात हलवला. दोन-तीनदा. टाळ्या वाजवतात तर माणूस काय करणार?

पुढच्या वळणावर त्या पोरीनं आम्हाला बाजूला काढलं, गल्ली दाखवली. सासूबाई म्हणाल्या, गल्ली मला दाखवू नकोस, मी इथं जन्मलेय. पण जाताना तिच्या गालावर हात ठेवला आणि टोपी कानावर ओढून घे म्हणून सांगितलं.

आणि आलो. सँ-फ्लाव्हियाँ गल्ली, आन्सेल्मचं घर. दारासमोर सासूबाई उभ्या राहिल्या. केस सारखे केले, कोटावरचा बर्फ झटकला, बॅग माझ्याकडून परत घेतली. ओठ हलले, वाक्य एकदा म्हणून झालं. घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. मग मी वाजवली. मग मी दारावर मूठ आपटली.

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार किलकिलं केलं, डोक्याला कर्लर, हातात कॉफी. मस्यू आन्सेल्म? ते तर बाहेर गेलेत. सकाळपासून आरशासमोर उभे होते, टाय बांधत होते आणि सोडत होते, आणि मघाशी काठी घेऊन गेले. मी सांगितलं त्यांना की या हवेत वेड्यासारखं बाहेर पडू नका, पण ऐकलं नाही. कुठं गेले म्हणता? बोटीच्या धक्क्यावर गेले. बहीण येणार आहे म्हणे.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. मी खिशातून फोन काढला आणि सोलांजला लावला. सोलांज म्हणाली, “अगं बाई, मी सकाळीच मामांना सांगितलं होतं, आई निघालीये म्हणून. तू बोटीनं जातोयस असा निरोप पाठवलास तेव्हा तेही कळवलं. ते म्हणाले, मी उतरतो खाली, मागच्या उतारानं, तिला चढायला लावू नका.”

बघितलंत? आम्ही पुढून वर, ते मागून खाली. नव्वद वर्षांचा माणूस, काठी घेऊन, एकटा. आणि वर, घराच्या दारात, मी आणि सासूबाई आणि कर्लरवाली बाई. मी म्हटलं, आपण इथंच थांबू, ते येतीलच परत. बाई म्हणाल्या, कॉफी घ्या. मला कॉफी फार हवी होती हो. पण सासूबाई एकदम पांढऱ्या पडल्या होत्या. म्हणाल्या, “तो पडेल रे.” आणि निघाल्या.

जिथून आलो तिथंच परत. चढापेक्षा उतार वाईट, हे कोणीही सांगेल. आणि कड्याच्या टोकाशी आलो तर ती लिफ्ट चालू. वारा पडला होता, दार उघडं, आत गरम हवा, माणूस बसलेला, या म्हणतोय. मी आत पाय टाकला आणि मागे बघतो तर सासूबाई पलीकडून मानमोड्या जिन्याकडे चाललेल्या. हो, नावच ते आहे त्या जिन्याचं, आणि उगाच नाही. मी म्हटलं, अहो, लिफ्ट आहे. तर म्हणाल्या, आपल्याला शोधत तो पुढून वर यायला निघाला आणि कुठं धडपडून पडला असला, तर डब्यातून दिसणार आहे का? प्रत्येक कोपऱ्यात, प्रत्येक ओट्यामागे डोकावत उतरल्या. हाका मारत. आन्सेल्म, आन्सेल्म. त्या आवाजाला खालच्या गल्लीतली दोन-तीन दुकानं उघडली आणि लोक दारात आले. एक आन्सेल्म सापडलासुद्धा, पण तो पावाच्या दुकानातला तरुण माणूस होता.

धक्क्यावरच्या बोटीच्या प्रतीक्षालयात शिरलो, आणि होते. बाकावर. टोपी मांडीवर, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये, टाय वाकडा, आणि कोटाची बटणं एक घर सोडून लावलेली, त्यामुळे एक बाजू वर आणि एक खाली. बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येक म्हातारीकडे निरखून बघत होते. म्हणजे त्यांना ओळखता येईल की नाही याचीच खात्री नव्हती.

सासूबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आलं आता वाक्य. दहा-बारा वर्षांचं वाक्य, मातानपासून घोकलेलं. पण त्या आधी मामाच बोलले.

“नेस्तीन, रस्ता उघडा होता.”

मामा म्हणाले, “मी गाडी काढली होती. कोट घातला होता. मग गाडीत बसून राहिलो. क्लोविसला पेटीत झोपलेला बघायचा, हे मला जमेना. मग घरात आलो आणि तुला फोन केला.”

बाकी लोक चालत होते, बोटीचा भोंगा वाजला, कोणाचं तरी पोर रडत होतं. मी बघत होतो सासूबाईंच्या पाठीकडे. मला वाटलं, आता ही बाई वळणार, बोटीत बसणार आणि माझ्याशीही आयुष्यात बोलणार नाही. त्यांनी बॅग बाकावर ठेवली. मामांचा कोट धरला. सगळी बटणं वरपासून काढली आणि एकेक करून नीट लावली. शेवटचं बटण लावताना म्हणाल्या, “मलाही नव्हतं बघायचं, आन्सेल्म. पण मी त्याच्याच घरात होते ना, मी कुठं गाडीत बसून राहणार?”

मामांनी मान हलवली. मग सासूबाई त्यांच्या शेजारी बसल्या. बसल्या त्या बसल्याच, दोन बोटी आल्या आणि गेल्या. काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही. मी मुद्दामच लांब जाऊन उभा राहिलो, यंत्रातली कॉफी घेतली, ती कॉफी नव्हतीच, पण गरम होती. एकदा दोघं हसले. क्लोविसचं नाव आलं, सर्दी आली त्यात. एकदा मामांनी खिशातून रुमाल काढला, त्यांनी डोळ्यांना लावायच्या आत तो सासूबाईंनी घेतला.

मी मनात म्हटलं, झालं. आता वाढदिवसाचा केक, वर लिफ्टनं जाऊ, गरम सूप, मऊ गादी, उद्या दुपारी सावकाश घरी. काम फत्ते. चला, माणसानं एवढं केलं तर एक रात्र चांगलं झोपायला काय हरकत आहे?

तेवढ्यात मला हाक आली. गेलो. दोघं एकमेकांच्या हाताला धरून उभे. मामा म्हणाले, माझं क्लोविसला भेटायचं राहिलंय. मी म्हटलं, हो मामा, उन्हाळ्यात नक्की या, मी स्वतः न्यायला येतो. मामांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी माझ्याकडे. आणि भाऊबहीण ते, तुम्हाला सांगतो, चेहरा एकच, हनुवटी एकच. मामा म्हणाले, “नव्वद झाल्यावर उन्हाळ्याचं कोण सांगतं? ही पुढची बोट किती वाजता आहे?”

मग काय. कपडे नाहीत, गोळ्या नाहीत, केक नाही. खालच्या मजल्यावरच्या त्या बाईंना फोन करून सांगितलं की मांजराला खायला घाला. पलीकडे जाऊन गाडी बर्फातून उकरली, दोघांना मागे बसवलं, एकाच घोंगडीत. रिमूस्कीपर्यंत ते दोघं भांडत होते की जहाजाचं नाव काय होतं, आणि तिथून पुढं घोरत होते, दोघंही एकाच सुरात. मी आपला परत त्या ट्रकच्या दिव्यामागे.

आज सकाळी नाश्त्याला मामा टाय बांधूनच बसलेत. सोलांजनं पॅनकेक केलेत, ते खाऊन झाले की क्लोविसकडे जायचंय. आता तुम्ही मातानचेच, तुम्हाला काय सांगू? फेब्रुवारीत आपल्या कब्रस्तानात दगडाचा शेंडासुद्धा दिसत नाही, फाटकापासून आत छातीएवढा बर्फ, आणि क्लोविस अगदी पार शेवटच्या रांगेत, समुद्राकडे तोंड करून, कारण त्यांना तसंच हवं होतं. म्हणून म्हणतो, तुमचं हे एवढं डोकं आटपलं की मी दुकान लवकर बंद करतोय. आणि बाकावर बसलेल्यांपैकी कोणाकडे मोठं फावडं असेल, तर त्याची हजामत आज फुकट.